ब्रेक जड लागतोय? आधी व्हॅक्युमची नळी तपासा

जुन्या मॅटॅडोर, ट्रॅक्स आणि जीपच्या मालकांसाठी



नांदेड-लातूर भागात कितीतरी घरांच्या अंगणात आजही एखादी जुनी मॅटॅडोर, ट्रॅक्स किंवा डिझेल जीप उभी दिसते. पहाटे माळवं बाजारात न्यायचे, सुगीत सोयाबीन मोंढ्यावर पोचवायचे, येताना खताची पोती आणायची आणि मार्गशीर्षात घरच्या मंडळींना घेऊन माळेगावच्या खंडोबाला जायचे, अशी सगळी कामे ती मुकाट्याने करते. इंजिन बिघडले तर गाडी फक्त थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. म्हणून ब्रेकच्या बाबतीत हयगय करू नये, हे सांगायला नको.

जुन्या गाड्यांबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते. "ब्रेक फार जड लागतो. उभे राहून दाबावा लागतो." मग लायनर बदलले जातात, ब्रेक ऑइल भरले जाते, एअर काढली जाते. पैसे जातात, पण ब्रेक जड तो जडच. कारण दोष चाकाजवळ नसतोच. तो बहुधा अंगठ्याएवढ्या एका रबरी नळीत, तिच्या क्लिपमध्ये किंवा लहानशा झडपेत असतो. ही तपासणी घरच्या घरी, अर्ध्या तासात, विशेष हत्यारांशिवाय करता येते. ती कशी करायची, ते आज पाहू.

आधी बूस्टर ओळखा

पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज टेम्पो कंपनीने मूळच्या जर्मन टेम्पो गाडीवरून मॅटॅडोर बनवली. १९५८ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. मॅटॅडोर आता बनत नाही, पण खेड्यापाड्यांत तिचे नाव अजून टिकून आहे. अशा प्रत्येक जुन्या गाडीला बूस्टर असेलच असे नाही. म्हणून आधी आपल्या गाडीत तो आहे का, ते पाहावे.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा काळा, गोल, बंद डबा. त्याचा आकार लहान पातेल्याएवढा असतो. जीपसारख्या गाडीत तो बॉनेटखाली, ब्रेकच्या पेडलच्या समोर दिसतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला मास्टर सिलिंडर बसवलेला असतो. चपट्या तोंडाच्या व्हॅनमध्ये तो पायाखालच्या फळीखाली किंवा चासीजवळही असू शकतो. या डब्यातून एक जाड रबरी नळी निघून इंजिनाकडे जाते. हीच व्हॅक्युमची नळी. हा डबा नसेल तर पुढील मजकुरातील उताराविषयीचा भाग तरी अवश्य वाचावा.

हवेचा भार किती असतो?

आपल्या अंगावर चोहोबाजूंनी हवेचा भार असतो. दर चौरस सेंटिमीटरला तो सुमारे एक किलो भरतो. सगळीकडून सारखाच असल्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही. पण एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा केवढा जोर करते, ते सतराव्या शतकात जर्मनीतील माग्देबुर्गच्या ऑटो फॉन गेरिक यांनी दाखवले. त्यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जुळवले, आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले. घोड्यांनी ओढूनही ते अर्धगोल सहजी सुटले नाहीत.

बूस्टरमध्ये हेच तत्त्व आहे. डब्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. पाय पेडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबताच एक झडप उघडते आणि पडद्याच्या मागच्या बाजूस बाहेरची हवा शिरते. ही हवा पडद्याला पुढे लोटते आणि आपल्या पायाच्या जोरात भर टाकते. मोटारीच्या ब्रेकला अशी मदत देण्याची युक्ती बेल्जियमचे अभियंते अल्बर्ट दवांद्र यांनी १९२० च्या दशकात प्रचारात आणली.

आता हिशेब करून पाहा. पडदा २३ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर होते. पंपाने दोनतृतीयांश हवा जरी काढली, तरी पडद्यावर पावणेतीनशे किलोंचा जोर येतो. म्हणजे क्विंटलच्या पावणेतीन पोत्यांचा भार तुमच्या पायाच्या मदतीला धावतो. नळीला चीर पडली की ही मदत नाहीशी होते. ब्रेक तोच असतो, पण सगळा भार एकट्या पायावर येतो.

डिझेल गाडीला वेगळा पंप का लागतो?

पेट्रोल गाडीत इंजिन स्वतःच हवा ओढते. एक्सलेटरवरून पाय काढला की आत हवा येण्याची वाट बंद होते आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. तीच ओढ नळीने बूस्टरला मिळते. जुन्या डिझेल इंजिनात मात्र हवेची वाट अडवलेली नसते. त्यामुळे तिथे अशी ओढ मिळत नाही आणि वेगळा व्हॅक्युम पंप लावावा लागतो. जीप, ट्रॅक्स, सुमो अशा बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. त्याला वंगण म्हणून इंजिनाचे ऑइल एका बारीक नळीने मिळते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. असा पंप असेल तर पट्टा सैल होताच बॅटरीचे चार्जिंगही कमी होते आणि ब्रेकही जड होतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या असतील, तर आधी पट्टा पाहावा. इंजिन बंद असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून जास्त दबत असेल तर तो ताणून घ्यावा. चिरलेला पट्टा मात्र बदलावाच.

पेडल जड की मऊ?

दोष शोधण्याची पहिली पायरी म्हणजे पाय काय सांगतो, ते नीट समजून घेणे.

पेडल मऊ लागते, खाली खाली जाते, दोन-तीनदा दाबल्यावर वर येते. असे असेल तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूचा आहे. नळ्यांत हवा शिरली असेल, कुठे ऑइल गळत असेल, मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले असतील किंवा लायनरची जुळवणी सैल झाली असेल. व्हॅक्युमच्या नळीशी याचा संबंध नाही.

पेडल उंचावरच राहते, पण दगडासारखे घट्ट लागते आणि जोर लावूनही गाडी हळूहळू थांबते. असे असेल तर दोष व्हॅक्युमच्या बाजूचा असण्याची शक्यता मोठी.

हा फरक रस्त्यावर जीव वाचवणारा आहे. मऊ पेडल भराभर दाबल्याने वर येते आणि ब्रेक थोडाफार मिळतो. व्हॅक्युम गेलेले पेडल भराभर दाबल्याने काहीच मिळत नाही. डब्यात थोडी ओढ शिल्लक असलीच, तर ती प्रत्येक दाबासरशी खर्च होते. अशा वेळी पाय न उचलता, सगळा जोर एकवटून पेडल दाबून धरावे.

घरच्या घरी तीन चाचण्या

गाडी सपाट जागेवर उभी करावी. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक ओढावा. लहान मुलांना दूर ठेवावे. इंजिन चालू असताना वाकून पाहणाऱ्याने उपरणे, पदर, सैल बाही आवरून घ्यावी. पट्टा आणि पंखा कुणाची ओळख ठेवत नाहीत.

पहिली चाचणी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते घट्ट होईल. आता पाय हलका दाबून तसाच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल आपोआप किंचित खाली गेले, तर बूस्टरला ओढ मिळते आहे. जागचे हललेच नाही, तर ओढ पोचत नाही किंवा बूस्टरच निकामी झाला आहे.

दुसरी चाचणी. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा. थोडे थांबून पेडल सावकाश दाबा. पहिल्या वेळी ते खोल जावे, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी थोडे थोडे वर राहावे. पहिल्याच दाबाला ते घट्ट लागले, तर डब्यातील ओढ टिकत नाही. झडप, नळी किंवा डबा यांपैकी काहीतरी गळते आहे.

तिसरी चाचणी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसेच धरून इंजिन बंद करा. अर्धा मिनिट थांबा. पेडल जागेवर राहिले तर ठीक. पायाला वर ढकलू लागले, तर बूस्टरचा पडदा किंवा आतली झडप हवा धरत नाही.

पेडल दाबताना क्षणभर फुस्स असा बारीक आवाज येणे नैसर्गिक आहे. पण पेडल दाबून धरले असताना किंवा पाय काढल्यावरही सुसू असा आवाज चालूच राहिला, तर ती गळती समजावी.

विहिरीच्या सक्शन पाइपसारखीच गत

व्हॅक्युमची गळती शोधणे शेतकऱ्याला अवघड जाऊ नये. विहिरीवरच्या पंपाचा अनुभव घरोघरी आहे. डिलिव्हरी पाइप फुटला तर पाणी बाहेर उडते आणि गळती लगेच दिसते. सक्शन पाइपचा जोड सैल झाला तर बाहेर थेंबही दिसत नाही. पाइप आत हवा धरतो आणि पंप पाणी सोडतो. व्हॅक्युमची नळी ही सक्शनची नळी आहे. तिच्याखाली डाग पडत नाही, म्हणून गळती नाही असे समजू नये.

पाणी वावरात पोचत नसेल तर आपण टप्प्याटप्प्याने शोधतो. इथेही तसेच करावे.

बूस्टरकडील नळीचे टोक काढा. इंजिन चालू करून संथ चालू ठेवा आणि नळीच्या तोंडावर अंगठा धरा. अंगठा चांगला ओढला गेला, तर पंप आणि नळी ठीक आहेत. दोष बूस्टरचा आहे. ओढ क्षीण असेल, तर इंजिन बंद करून नळी पंपाकडूनही काढा, पुन्हा इंजिन चालू करा आणि पंपाच्या तोंडाशी ओढ पाहा. तिथे जोरदार असेल तर दोष मधल्या नळीत किंवा झडपेत आहे. तिथेही क्षीण असेल तर पट्टा, पंपाची ऑइलची नळी आणि मग पंप असा क्रम धरावा.

नळी तपासताना ती हाताने वाकवून पाहा. वरून धड दिसणारी नळी वाकवल्यावर चिरा दाखवते. टोकाशी, क्लिपखाली आणि इंजिनाच्या उष्णतेजवळ बारकाईने पाहा. गाडी आखाड्यावर महिनोन्‌महिने उभी असेल, तर उंदराने कुरतडलेली जागा शोधा. संशय आला तिथे ओल्या फडक्याने नळी घट्ट धरा. सुसू आवाज थांबला तर चीर सापडली. इथे साबणाचा फेस लावून बुडबुड्यांची वाट पाहू नये. नळी हवा बाहेर सोडत नाही, ती फेसच आत ओढून घेते.

झडप म्हणजे गाडीचा फूट व्हॉल्व्ह

नळीच्या वाटेवर किंवा बूस्टरच्या तोंडाशी एक छोटी एकमार्गी झडप असते. फिटर तिला एन.आर.व्ही. म्हणतात. विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हचेच काम ती करते. फूट व्हॉल्व्ह गेला की मोटार बंद होताच पाइप रिकामा होतो. ही झडप गेली की इंजिन बंद होताच बूस्टरमधील ओढ निघून जाते.

झडप काढून पुसून घ्या आणि हवा फुंकून पाहा. बूस्टरच्या बाजूने फुंकल्यास हवा पलीकडे गेली पाहिजे, पंपाच्या बाजूने फुंकल्यास जाता कामा नये. दोन्हीकडून जात असेल किंवा कुठूनच जात नसेल, तर नवी झडप घ्यावी. काढण्यापूर्वी तिची दिशा खडूने खूण करून ठेवावी. उलटी बसवली तर बूस्टरला ओढ मिळणारच नाही.

झडपेत किंवा नळीत ऑइल सापडले तर तेही पाहावे. इंजिनाचे ऑइल असेल तर ते पंपाकडून आले आहे. ब्रेक ऑइल बाटलीत कमी होते, पण बाहेर कुठे थेंब नाही, असे असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलातून ते बूस्टरमध्ये जात असावे. त्याने आतला रबराचा पडदा खराब होतो. असे दिसले की गाडी फिटरकडेच न्यावी.

तात्पुरती मलमपट्टी नको

नळी फुटली की घरातल्या फवारणी पंपाची, ठिबकची किंवा पाण्याची नळी कापून लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाण्याची नळी आतून बाहेर येणारा दाब सोसण्यासाठी बनवलेली असते. व्हॅक्युममध्ये ती आतल्या आत चपटी होते आणि इंजिन तापल्यावर तर वाट पुरतीच बंद होते. उभ्या गाडीत ब्रेक चांगला लागतो आणि वीस किलोमीटरवर जड होतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. व्हॅक्युमसाठीचीच, जाड आणि आत धाग्याची वीण असलेली नळी घ्यावी. जुन्या नळीचा तुकडा सोबत नेऊन माप जुळवावे. क्लिपाही नव्या घ्याव्यात.

नळी फक्त टोकाशी चिरली असेल आणि लांबी पुरत असेल, तर तेवढा भाग कापून पुन्हा बसवता येते. चिकटपट्टी किंवा तार गुंडाळून चालवू नये. बूस्टरचा डबा घरी उघडू नये. आत जोरदार स्प्रिंग असते. ब्रेक ऑइलच्या बाटलीत इंजिनाचे ऑइल किंवा डिझेल थेंबभरही जाऊ देऊ नये. रबराचे सगळे वॉशर फुगून ब्रेक जाम होतात.

काम झाल्यावर तिन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात. मग मोकळ्या माळावर, माणसाच्या चालीच्या वेगाने, रिकामी गाडी थांबवून पाहावी. लगेच पोती किंवा माणसे भरू नयेत.

उतारावर इंजिन बंद करू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर आहे, नांदेड सुमारे ३६० मीटरवर. अहमदपूर-लोह्याच्या वाटेने येताना बालाघाटचे चढ-उतार पार करत आपण एकूण पाऊणतीनशे मीटर खाली उतरतो. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलात, तर गडाचा रस्ता त्याहून कठीण. अशा उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची काहींना सवय असते.

ही सवय जीवघेणी आहे. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्युम पंप बंद. डब्यात शिल्लक राहिलेली ओढ दोन-तीन दाबांत संपते आणि पुढच्याच वळणावर पेडल दगड होते. किल्ली फिरवल्याने काही गाड्यांत स्टेअरिंगही अडकते. ज्या दिवशी नळी धडधाकट आहे, त्या दिवशीही हे घडते.

बचत म्हणावी तर तीही नाही. गाडी गिअरमध्ये उतरत असताना एक्सलेटरवरून पाय काढला, की डिझेल पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंदच करतो. शिवाय भरलेली बैलगाडी उतारावर येते तेव्हा बैल अंग मागे टाकून तिला रोखून धरतात. गिअरमधले इंजिन तेच काम करते. न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे बैल सोडून देऊन भरली गाडी उतारावर ढकलण्यासारखे आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

चालत्या गाडीत ब्रेक अचानक जड झालाच, तर घाबरू नये. ब्रेक गेलेला नाही, फक्त मदत गेली आहे. इंजिन चालूच ठेवा, पाय न उचलता पूर्ण जोराने पेडल दाबा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू ओढा. गाडी थांबल्यावर दोष सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

खरीप आणि रब्बीच्या आधी आपण पेरणीयंत्राचे नटबोल्ट पाहतो, फवारणी पंपाचे वॉशर बदलतो. त्याच दिवशी गाडीच्या या तीन चाचण्या उरकून घ्याव्यात. घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः नव्याने स्टेअरिंग हाती घेतलेल्या मुलामुलींना, जड पेडल आणि मऊ पेडल यांतला फरक एकदा पायाने दाखवून द्यावा. तो ऐकून नव्हे, पायाखाली अनुभवूनच ध्यानात राहतो.